चार मिलिमीटर

स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवून पाहिला.
जुना बूट: दोनशे नव्वद ग्रॅम,
म्हणजे साधारण तीन बटाटे.
नवा: एक बटाटा, वर थोडी कोथिंबीर.
"बटाटे आता धुऊन घे,"
मुकुंद पेपरामागून म्हणाला.

लिफ्टमध्ये दातारकाकूंनी
आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"साडेसहा हजार देऊन
शेवटी अनवाणीच ना?"
उत्तर सुचेपर्यंत तळमजला आला.

सहा वर्षं मी फोमवर पळले.
टाचेखाली तीन बोटं जाड गादी,
पुढे चिंचोळी, होडीच्या नाकासारखी.
खडा आला की बूट म्हणायचा,
कुठे काय, काही नाही.
डावा गुडघा मात्र म्हणायचा,
रात्री, जिना उतरताना.

गार्गी, फिजिओ, माझ्या मुलीपेक्षा लहान,
हातात तळवा धरून म्हणाली:
पहिला आठवडा नुसतं चाला.
दुसऱ्यात चारशे मीटर, त्याहून एक पाऊल जास्त नाही.
काकू, घाई केलीत तर पोटऱ्या सूड घेतील.

मी घाई केली.
पोटऱ्यांनी सूड घेतला.
तीन दिवस कमोडवर बसताना
मी देवांची नावं घेतली,
आधी माहेरच्या, मग नाइलाजाने सासरच्या.

माघातली सकाळ. कांचन गल्लीतून वर.
पेव्हर ब्लॉकच्या फटी पायाला मोजता येतात.
मग मुरूम, भरड, जोंधळ्याएवढा,
रात्रीची थंडी अजून धरून बसलेला.
मग कातळ. तिथे पाय आपोआप बेताने पडतो
परक्या घरात पडतो तसा.
करंगळी, जी मला
फक्त पलंगाच्या पायामुळे माहीत होती,
बाजूला पसरते, टेकते, कामाला लागते.
गिरिपुष्पाखालची दोन कुत्री उठतात,
बघतात, भुंकण्याजोगं काही नाही, बसतात.

आणि आवाज.
जाड बुटांत मला माझं पळणं
कधी ऐकूच आलं नव्हतं.
खाणीच्या कडेला वारा पडतो, तिथे आलं:
टप, धप्प.
टप, धप्प.
उजवा पाहुण्यासारखा टेकतो आणि उचलतो.
डावा आदळतो.

बत्तीस वर्षं बँकेत ऑडिट केलं मी.
जमा-नावे जुळत नसले
की कागदाआधी मानेला कळतं.
थांबले. मागे मागे गेले, वह्यांतून जायचे तशी.
दोन हजार अकरा. एप्रिल.
कॅम्प शाखेची नुकती पुसलेली पायरी,
उजवा घोटा, सहा आठवडे प्लास्टर.
हाड जुळलं. डॉक्टरांनी फाइल बंद केली.
माझी उघडीच राहिली होती
आणि मलाच पत्ता नव्हता.
तेव्हापासून उजव्यावर
पूर्ण वजन टाकलंच नाहीये मी.
रांगांमध्ये उभी राहिले, लेकीच्या लग्नात
दोन दिवस नुसती धावत होते,
सगळं डाव्याच्या नावावर.
तो कधी थेट बोलला नाही.
गुडघ्याकरवी चिठ्ठ्या पाठवत राहिला,
आणि मी दर वर्षी
आणखी जाड गादी विकत आणली.

आज पळणं राहू दे.
बाभळीला एक हात लावून
डावा उचलला.
उजवा एकटा, खाली चार मिलिमीटर रबर,
त्याखाली टेकडी.

हास्यक्लबाचे एक गृहस्थ थबकले.
"कोणतं आसन हे?"
मी मोजत होते, बोलता आलं नाही.
पाच. सहा.
घोट्यात काहीतरी थरथरतं,
जुन्या कुलपात किल्ली फिरावी तसं, अडत, कुरकुरत.
सात.
बाभळीवरचा हात काढला.
आठ—

पडले नाही. डावा टेकला एवढंच.
गृहस्थ पुढे गेले होते.
पुन्हा उजवा.